विष्ठेतून डीएनए काढायचं किट: किट चांगलंय, पण खोक्यावरचा आकडा वाचून भुलू नका

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ज्यांच्या लॅबमधला फ्रीझर वाळलेल्या विष्ठेच्या पिशव्यांनी कोंबून भरलाय आणि आता यातून डीएनए काढायचा कसा या विचारात जे बसलेत त्यांच्यासाठी आहे, बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचलात तरी हरकत नाही. वाघ, बिबट्या, लांडगा, रानकुत्रा, हरणं, हत्ती, कोणाचीही विष्ठा असो, हल्ली बहुतेक जण तयार किटच मागवतात, आणि मागवण्याआधी जे वाचायला मिळतं ते सगळं कंपनीनेच लिहिलेलं असतं. म्हणून म्हटलं आपण लिहावं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या प्रकारची किटं आतून जवळपास सारखीच असतात आणि माझी जी कुरकुर आहे ती थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडते.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. जंगली प्राण्याचं रक्त घ्यायचं म्हणजे त्याला बेशुद्ध करा, परवानग्या काढा, डॉक्टर न्या, आणि एवढं करून प्राण्याच्या जिवाला धोका आहेच. विष्ठा मात्र तो स्वतःच टाकून जातो, आणि तिच्यावर त्याच्या आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्या पेशींत त्याचा डीएनए. १९९२ मध्ये तपकिरी अस्वलाच्या विष्ठेतून पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) करून हे जमतं असं दाखवलं गेलं, त्या टीममध्ये स्वांते पेबो होते, ज्यांना पुढे २०२२ मध्ये निअँडरथल वगैरे कामासाठी नोबेल मिळालं. म्हणजे या सगळ्या विष्ठा-प्रकरणाचं घराणं चांगलं मोठं आहे, घरच्यांनी नाक मुरडलं की त्यांना हे सांगायचं.

तर किट. खोक्यात पन्नास कॉलमं (आत सिलिकाचा पडदा असलेल्या छोट्या गाळणी-नळ्या), बिनझाकणाच्या कलेक्शन ट्यूबा, लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण), इनहिबिटर (पीसीआर अडवणारे पदार्थ) काढायचं एक वेगळं बफर, प्रोटिनेज के, दोन वॉश बफर (यात इथेनॉल आपण घालायचं, घातलं की झाकणावर खूण करायला चौकोन दिलाय, तो खरंच कामाचा आहे कारण इथेनॉल घातलंय की नाही यावरून लॅबमध्ये जेवढे वाद होतात तेवढे कशावरूनच होत नाहीत), इल्युशन बफर (शेवटी डीएनए सोडवून घ्यायचं) आणि माहितीपुस्तिका. पॅकिंग नीट आहे, बाटल्या गळत नाहीत. बाटल्यांवरची लेबलं मात्र इथेनॉलचा हात लागला की पुसली जातात, त्यामुळे आल्या आल्या पर्मनंट मार्करने झाकणावर आणि बाटलीच्या अंगावर दोन्हीकडे लिहून घ्या, झाकणं आपापसात बदलतात हे लक्षात ठेवा. बफरमध्ये थंडीत पांढरे खडे धरतात, ते खराब झालंय म्हणून कोणी फेकू नका, कोमट पाण्यात ठेवून हलवलं की विरघळतात.

काम कसं चालतं ते ठाऊक असेल तर हा परिच्छेद सोडा. लायसिस बफर आणि उष्णता यांनी पेशी फुटतात, प्रोटिनेज के प्रथिनं कापून काढतं, मग गुआनिडिनसारख्या मिठाच्या दाट द्रावणात डीएनए सिलिकाच्या पडद्याला चिकटतो, बाकीचा कचरा वॉशमध्ये खाली जातो, आणि शेवटी कमी मिठाचं बफर घातलं की डीएनए सुटून ट्यूबमध्ये येतो. बस. इतकं साधं तत्त्व आहे आणि गेली कित्येक वर्षं तेच चालू आहे, कंपन्या फक्त खोकं बदलतात.

पुस्तिकेत लिहिलंय की साधारण दोनशे मिलिग्रॅम नमुना घ्या. इथेच पहिला घोळ. हे किट मुळात माणसाच्या शौचाच्या नमुन्यांसाठी बनवलंय, त्यातले जंतू आणि विषाणू शोधायला, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या डोक्यात ताजा, ओला, एकजीव नमुना आहे. आपल्याकडे काय येतं तर उन्हात वाळून पांढरी पडलेली, आत हरणाचे केस आणि हाडांचे तुकडे असलेली बिबट्याची विष्ठा. हिचे दोनशे मिलिग्रॅम मधून कापून घेतलेत तर त्यात बिबट्या नाहीच, त्याने खाल्लेलं हरीण आहे. आपल्याला हवा तो बिबट्या वरच्या थरावर असतो, तो जो चकचकीत वाळका पापुद्रा दिसतो ना, आतड्यातून सरकताना लागलेला म्यूकसचा, तो. तो ब्लेडने अगदी पातळ खरवडायचा नाहीतर बफरमध्ये भिजवलेल्या स्वॅबने पुसून घ्यायचा, तोही अशा बाजूने जिथे ऊन किंवा पाऊस थेट लागलेला नाही. मी स्वॅबवाली आहे. स्वॅबचा कापूस थेट लायसिस बफरमध्ये टाकून थोडा जास्त वेळ ठेवला की काम होतं, आणि केस-माती कमी येत असल्यामुळे कॉलम तुंबत नाही. हरणांच्या लेंड्यांना तर पूर्ण लेंडी कुटायची गरजच नसते, बफरमध्ये घोळवून बाहेरचा थर धुऊन घ्यायचा आणि लेंडी टाकून द्यायची. पुस्तिकेत यातलं अक्षरही नाही.

आता खोक्यावरचा मोठ्ठा आकडा. "उच्च उत्पादन" वगैरे, अमुक इतके मायक्रोग्रॅम डीएनए. आणि खरंच मिळतो हो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाशाने डीएनए मोजायचं मशीन) टाकलं की २६० नॅनोमीटरला छान उंच शिखर, २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास, म्हणजे डीएनए शुद्ध, नवीन विद्यार्थी खूश होऊन फोटो काढतो. पण हा डीएनए कोणाचा? बहुतांश बॅक्टेरियाचा. विष्ठेत बॅक्टेरिया खच्चून भरलेले असतात आणि प्राण्याचा स्वतःचा डीएनए त्यात अगदी थोडा, बऱ्याचदा एक-दोन टक्क्यांच्या घरातला, कधी त्याहूनही कमी. मशीनला वाघ आणि ई. कोलाय यातला फरक कळत नाही, ते सगळ्याची बेरीज दाखवतं. गर्दीच्या फोटोतली डोकी मोजून आपल्या घरचे किती जण आले होते ते सांगण्यातला प्रकार. म्हणून हे किट चांगलं की वाईट हे ठरवायचं असेल तर एकूण डीएनए बघू नका, प्राण्याच्या स्वतःच्या न्यूक्लिअर (पेशीच्या केंद्रकातल्या) डीएनएचा एखादा छोटा तुकडा घेऊन क्यूपीसीआर (प्रती मोजणारी पीसीआर) लावा आणि त्याचा आकडा बघा. मी तसं करून वेगवेगळ्या किटांची तुलना केली तेव्हा जे किट एकूण डीएनएमध्ये पहिलं येत होतं ते प्राण्याच्या डीएनएमध्ये मागे पडलं, कारण त्यात मण्यांनी नमुना जोरात कुटायची पायरी आहे, तिने बॅक्टेरियांच्या जाड भिंती मस्त फुटतात आणि आपल्या पेशी ज्या आधीच नाजूक असतात त्यांच्या डीएनएचे आणखी तुकडे होतात. मायक्रोबायोमवाल्यांना (म्हणजे आतड्यातले बॅक्टेरिया अभ्यासणाऱ्यांना) ते किट भारी. आपल्याला नाही.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून सुद्धा फसायला होतं. एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, न्यूक्लिअरच्या फक्त दोन. त्यामुळे ही विष्ठा वाघाची की बिबट्याची हे सांगणारी छोटी मायटोकॉन्ड्रियल पीसीआर जुन्यात जुन्या नमुन्यालाही चालून जाते, आणि लोक लगेच म्हणतात किट एक नंबर. प्रजाती ओळखायला एक नंबर आहेच, त्यात वाद नाही, मी पैकीच्या पैकी देईन. पण प्रजाती ओळखली म्हणजे तो नेमका कोणता वाघ हेही ओळखता येईल असं अजिबात नाही.

इनहिबिटरचं बोलते. पित्तातले क्षार, वनस्पतींमधले पॉलिफेनॉल आणि गुंतागुंतीच्या शर्करा, मातीतलं ह्युमिक ॲसिड, हे सगळं पीसीआरच्या एन्झाइमचा गळा दाबतं. किटमधलं ते वेगळं बफर मांसाहारी प्राण्यांच्या नमुन्यांना चांगलं काम करतं, खरंच चांगलं, यासाठी पैसे मोजायला हरकत नाही. शाकाहारी प्राण्यांना ठीकठाक. शेवटी ट्यूबमध्ये चहासारखा रंग आला तर समजायचं की काहीतरी शिल्लक आहे, मग एकास दहा पातळ करून पुन्हा लावा आणि पीसीआरमध्ये बीएसए नावाचं प्रथिन घाला, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच सुटतं. पण पातळ केलं की आधीच कमी असलेला प्राण्याचा डीएनए आणखी कमी होतो, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. पक्ष्यांच्या विष्ठेला हे किट घेऊ नका, त्यातलं युरिक ॲसिड याला झेपत नाही, निदान मला तरी झेपवता आलं नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

समजा डीएनए निघाला, पीसीआर पण चालली, आणि मायक्रोसॅटेलाइटचा (डीएनएतल्या अशा जागा जिथे छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि किती वेळा ते प्राण्यागणिक बदलतं) ग्राफ आला. एका जागी प्राण्याकडे दोन अलील (त्या जागेची रूपं) आहेत, एक आईकडून एक बापाकडून. डीएनए भरपूर असेल तर दोन्ही शिखरं दिसतात. विष्ठेच्या डीएनएमध्ये ट्यूबमध्ये मोजक्याच प्रती पोचतात, आणि नुसत्या नशिबाने पहिल्या फेरीत एकच अलील उचलला गेला तर दुसरा दिसतच नाही. यालाच अलीलिक ड्रॉपआउट म्हणतात. ग्राफ सुंदर असतो, शिखर उंच, कुठे गडबड वाटणार नाही, फक्त तो खोटा आहे. प्राणी हेटेरोझायगस (दोन वेगळे अलील), कागदावर होमोझायगस (दोन्ही सारखेच).

याचा परिणाम काय होतो बघा. एकाच वाघिणीच्या दोन विष्ठा आणल्यात, एकीत ड्रॉपआउट झाला एकीत नाही झाला, तर जुळवताना त्या दोन वेगळ्या वाघिणी निघतात. म्हणजे जी जंगलात नाहीच अशी एक भुताची वाघीण मोजणीत आली. अशी भुतं वाढत गेली की एकूण संख्या फुगते, यलोस्टोनच्या लांडग्यांवर २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, चुका न गाळता विष्ठेवरून गणती केली तर आकडा कितीतरी पट जास्त येऊ शकतो. आणि त्याच वेळी तोच ड्रॉपआउट हेटेरोझायगोसिटी कमी दाखवतो, म्हणजे प्राणी जेवढे आहेत त्यापेक्षा जास्त इनब्रेड वाटतात. एकाच खोट्या ग्राफमधून दोन खोट्या बातम्या, आणि दोन्ही विरुद्ध दिशेच्या: प्राणी भरपूर आहेत, आणि प्राणी एकमेकांचे फार जवळचे नातलग आहेत. पहिली बातमी वाचून अधिकारी निवांत होतात, दुसरी वाचून कोणीतरी म्हणतं बाहेरून नवीन प्राणी आणून सोडा. दोन्ही निर्णय चुकीच्या पायावर.

आणि बाहेरून प्राणी आणणं ही काही हवेतली गोष्ट नाही. फ्लोरिडातल्या पँथरचं (म्हणजे तिथल्या प्यूमाचं) उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, वीस-तीस उरले होते, शेपटीला वाकडा पीळ, हृदयाचे दोष, नरांमध्ये वृषण खाली न उतरणं, मग १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि पुढे संख्या वाढली, दोष कमी झाले. पण तिथे प्राणी पकडून रक्त आणि त्वचेचे नमुने घेतलेले होते, आणि शरीरावर दोष डोळ्यांना दिसत होते. आइल रॉयल बेटावरचे लांडगे बघा, अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातलं बेट, १९९७ च्या सुमारास एक नर गोठलेल्या पाण्यावरून चालत आला, काही पिढ्यांत जवळपास सगळ्यांच्यात त्याचंच रक्त, सुरुवातीला फायदा झाला आणि मग पुन्हा इनब्रीडिंग, २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले, तेही बाप-लेक. २०१८ पासून नवीन लांडगे आणून सोडावे लागले. अशा निर्णयांना कोणाचा बाप कोण, बाहेरचा कोण, हे पक्कं कळावं लागतं. तिथे "आमच्या किटचं उत्पादन उच्च आहे" याचा काय उपयोग?

उपाय नवा नाही. पिएर ताबेर्ले या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच सांगितलंय की एकच नमुना वेगवेगळ्या ट्यूबमध्ये पुन्हा पुन्हा लावा, अलील निदान दोनदा दिसल्याशिवाय खरा मानू नका, आणि होमोझायगस म्हणण्याआधी तर आणखी बऱ्याच वेळा खात्री करा. आता हिशोब करा, प्रत्येक नमुन्याला प्रत्येक जागेवर इतक्या पीसीआर, तर इल्युशन (शेवटी निघालेलं डीएनएचं द्रावण) किती पुरणार? किटमध्ये सांगितलंय दोनशे मायक्रोलिटरमध्ये काढा. एवढ्या पाण्यात आधीच विरळ असलेला डीएनए आणखी विरळ होतो. मी पन्नास-पन्नास करून दोनदा काढते, बफर आधी गरम करून, पडद्यावर घालून काही मिनिटं तसंच ठेवून मग फिरवते, आणि दोन्ही इल्युशन वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवते. पहिली ट्यूब कामाला, दुसरी राखीव. त्याआधी रिकामी कॉलम एकदा कोरडी फिरवायला विसरू नका, वॉशमधलं इथेनॉल राहिलं तर नंतर पीसीआर बसत नाही आणि दोष विष्ठेला दिला जातो. अजून एक, इल्युशन बफरमध्ये ईडीटीए नावाचं रसायन आहे, ते साठवायला चांगलं पण पीसीआरला लागणारं मॅग्नेशियम धरून बसतं, जास्त टेम्प्लेट (काढलेला डीएनए) घालणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

कोणी म्हणेल मग जागा वाढवा, दहाच्या ऐवजी वीस मायक्रोसॅटेलाइट लावा. जागा कमी असतील तर दोन सख्खी भावंडं एकच प्राणी वाटतात हे खरं, पण जागा वाढवल्या की चूक व्हायच्या संधीही तेवढ्याच वाढतात. म्हणून हल्ली लोक छोट्या छोट्या तुकड्यांच्या एसएनपी पॅनेलकडे (डीएनएतल्या एकेका अक्षराचे, म्हणजे बेसचे, फरक तपासणारा संच) वळलेत, शंभर-सव्वाशे बेसचे तुकडे, एकाच ट्यूबमध्ये कितीतरी जागा, आणि मग सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरं वाचणं. विष्ठेतला डीएनए तसाही तुटलेलाच असतो, तुकडा जितका लहान तितका तो सापडायची शक्यता जास्त. मायक्रोसॅटेलाइटमध्ये एका लॅबचे आकडे दुसऱ्या लॅबशी जुळवताना जे रडगाणं असतं तेही यात नाही. या किटच्या डीएनएवर एसएनपी पॅनेल लावलं तेव्हा माझं मत बरंच सुधारलं, मायक्रोसॅटेलाइटला नापास झालेले नमुने इथे पास झाले. म्हणजे किट तेच, पुढचं काम बदललं की निकाल बदलतो. ड्रॉपआउट इथेही असतोच हो, पण एकेक जागा किती वेळा वाचली गेली ते समोर दिसतं, आणि कमी वेळा वाचलेली जागा गाळून टाकता येते. ग्राफच्या शिखराकडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं.

ज्यांना एकच जागा तपासायची असते त्यांची तर मजा आहे. ओडिशातल्या सिमिलीपालच्या काळ्या वाघांचं काम आठवतंय? पट्टे इतके जाड आणि एकमेकांत मिसळलेले की वाघ काळा दिसतो, त्यामागे टॅकपेप नावाच्या जनुकातला एकाच जागेचा बदल आहे, २०२१ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने ते दाखवलं. याच जनुकातल्या वेगळ्या बदलांमुळे घरच्या मांजराचे पट्टे गोळ्या-ठिपक्यांसारखे होतात आणि किंग चित्ता तसा दिसतो. आता हा बदल दुसऱ्या जंगलातल्या वाघांमध्ये आहे का असा प्रश्न असेल तर वाघ पकडायची गरज नाही, लहानशी पीसीआर लावून विष्ठा, केस यांतून उत्तर मिळतं. अशा कामाला हे किट डोळे झाकून घ्या. (डोळे झाकून म्हणजे रेप्लिकेट, तीच पीसीआर पुन्हा पुन्हा, न लावता नव्हे!)

लिंग ओळखण्याबद्दल पण थोडं. वाय क्रोमोसोमवरचा तुकडा आला तर नर हे बहुतेक पक्कं, पण नाही आला तर मादी, की डीएनएच कमी होता? म्हणून एक्स आणि वाय दोन्हीवर असलेली जागा वापरायची, अमेलोजेनिन किंवा झिंक फिंगर जनुकातली, म्हणजे एक्सचा तुकडा दिसला तर निदान पीसीआर चालली एवढं तरी कळतं. शिकार झालेलं हरीण नर असेल आणि प्रायमर (पीसीआरने कोणता तुकडा उचलायचा ते ठरवणारा) तेवढा खास नसेल तर मादी वाघीण नर निघते, हेही होतं.

किटसोबत नमुना साठवायच्या छोट्या ट्यूबा येतात, आत पारदर्शक द्रव. "खोलीच्या तापमानाला टिकतो." टिकतो, पण ट्यूब लहान, तोंड अरुंद, जंगलात ग्लोव्ह घालून त्यात विष्ठा भरून बघा एकदा, मग बोलू. बाहेरचा पापुद्रा स्वॅबने घेऊन टाकणार असाल तर उत्तम. आख्खा नमुना साठवायचा तर साधी सिलिका जेल किंवा तीव्र इथेनॉल, किंवा आधी एक दिवस इथेनॉल आणि मग सिलिका असं दोन पायऱ्यांचं जे गोरिलांच्या विष्ठेवर काम करणाऱ्यांनी लोकप्रिय केलं ते. सिलिका रंग बदलणारी घ्या, रंग बदलला की ओल धरलीय, बदला. डीएनए मरतो तो ओल, ऊन आणि बॅक्टेरिया या तिघांमुळे, आणि यातलं काहीही किट दुरुस्त करू शकत नाही. पावसात भिजलेली जुनी विष्ठा घेऊन यायची आणि कॉलमला शिव्या द्यायच्या हे बरोबर नाही.

सुरक्षेबद्दल पुस्तिका फारच घाईत आहे, बारीक अक्षरात एक ओळ. दोन गोष्टी मोठ्याने सांगते. लायसिस आणि वॉश बफरच्या सांडलेल्या द्रवावर ब्लीच ओतू नका, गुआनिडिन आणि ब्लीच मिळून विषारी वायू निघतो, आणि आपल्या लॅबमध्ये दूषितीकरण नको म्हणून सगळ्यांना टेबल ब्लीचने पुसायची सवय असते, त्यामुळे हा अपघात अगदी सहज होण्यातला आहे. आधी पाण्याने नीट पुसून घ्या, कचऱ्याचा डबा वेगळा ठेवा. दुसरं, कोल्हा-लांडगा-कुत्र्याच्या वर्गातल्या प्राण्यांच्या विष्ठेत एकायनोकॉकस या फीतकृमीची अंडी असू शकतात, माणसाच्या लिव्हरमध्ये गाठी करतात, आणि इथेनॉलने ती मरत नाहीत. नमुने उणे ऐंशीला काही दिवस ठेवून मग उघडा, मास्क आणि ग्लोव्ह घाला, खरवडताना धूळ उडते ती नाकात जाऊ देऊ नका.

दूषितीकरणावरून आठवलं, दर बॅचमध्ये एक रिकामा नमुना ठेवाच, म्हणजे विष्ठा सोडून बाकी सगळं त्यात घालायचं. पन्नास कॉलमांतल्या काही यात जातात म्हणून लोक जिवावर येऊन करतात, पण त्या रिकाम्या ट्यूबमध्ये वाघ उगवला तर त्या दिवसाचं सगळं काम कचऱ्यात, आणि ते आपल्याला आजच कळलेलं बरं. जमलं तर ज्या खोलीत टिश्यूचं काम चालतं तिथे विष्ठेचं काम करूच नका.

आता कस्टमर सपोर्ट, आणि इथे माझे स्टार कापले गेले. एका लॉटमधल्या कॉलमांचे पडदे फिरवताना वारंवार तुंबायला लागले, आधीच्या लॉटला हाच नमुना व्यवस्थित जात होता, म्हणून लॉट नंबरसकट मेल टाकला. उत्तर आलं की नमुना जास्त घेतला असेल. नाही घेतला, स्वॅब आहे. मग उत्तर आलं की सेंट्रिफ्यूज तपासा. तपासला. मग त्यांनी माहितीपत्रक जोडून पाठवलं, तेच जे आमच्याकडे होतंच. मी विचारलं की प्राण्याच्या न्यूक्लिअर डीएनएचा क्यूपीसीआरवरचा डेटा आहे का तुमच्याकडे, कुठल्याही जंगली प्राण्याचा, तर पुन्हा एकूण मायक्रोग्रॅमचा तक्ता. शेवटी त्या लॉटच्या कॉलमा बदलून मिळाल्या, पण "सद्भावना म्हणून", चूक मान्य न करता. त्यापेक्षा आमच्याकडे हा डेटा नाही असं सरळ सांगितलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. तेव्हापासून नवीन लॉट आला की मी जुन्या ओळखीच्या नमुन्याचा एक तुकडा त्यावर लावून बघते, एक कॉलम जाते पण पुढचा वैताग वाचतो, आणि लॉट नंबर एक्सेलमध्ये प्रत्येक नमुन्यासमोर लिहिते. लिहाच.

बाजारात दुसरे पर्याय? टिश्यूसाठीचं साधं किट स्वॅबसोबत वापरणारे बरेच जण आहेत, मांसाहारी प्राण्यांच्या ताज्या नमुन्यांना ते जवळपास तेवढंच चालतं आणि स्वस्त पडतं, इनहिबिटर जास्त असले की मात्र मागे पडतं. चुंबकीय मण्यांचं किट छान आहे जर तुमच्याकडे शेकडो नमुने आणि मशीन असेल तर, हाताने करायचं असेल तर मणी सांभाळण्यातच जीव जातो. जुन्या पद्धतीचं फिनॉल-क्लोरोफॉर्म कोणी सुचवलं तर त्याला फ्यूम हुडची अवस्था दाखवा.

स्टार द्यायचे तर: ताज्या आणि नीट वाळवलेल्या नमुन्यांतून प्रजाती ओळखायला पाचपैकी पाच. लिंग आणि एसएनपी पॅनेलला चार. जुन्या, भिजलेल्या नमुन्यांवर मायक्रोसॅटेलाइटने एकेक प्राणी ओळखायला अडीच, आणि त्यातला अर्धा केवळ इनहिबिटरच्या बफरसाठी. सपोर्टला एक. संपूर्ण जीनोम विष्ठेतून काढायचं डोक्यात असेल तर नुसत्या या किटवर जाऊ नका, सिक्वेन्सिंगचे बहुतेक पैसे बॅक्टेरिया वाचण्यात जातील, त्याला प्राण्याचा डीएनए वेगळा करून घ्यायची आणखी एक पायरी लागते, प्राण्यांच्या डीएनएवर जे मिथाइल गट असतात त्यांना पकडून किंवा प्रोबने (हवा तो डीएनए ओढून घेणारे छोटे तुकडे).

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पन्नासचं मोठं खोकं मागवायच्या आधी सँपल पॅक मागा, कंपन्या देतात, फक्त मागावं लागतं. आणि त्यावर तुमचे सगळ्यात चांगले नमुने लावू नका, मधले लावा, ज्यांचा प्राणी तुम्हाला दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने आधीच माहीत आहे, प्राणिसंग्रहालयातला असेल तर उत्तमच, रक्ताचा जीनोटाइप (कुठल्या जागी कोणते अलील त्याची यादी) शेजारी ठेवून जुळवता येतो. दोन्ही जुळले की मग खोकं मागवा.